न घडलेला फॉल्ट

30 जुलै 2012 रोजी रात्री दोन वाजून तेहतीस मिनिटांनी मध्य प्रदेशातल्या बीना आणि ग्वाल्हेर या उपकेंद्रांना जोडणारी 400 केव्हीची लाइन ट्रिप झाली. त्यानंतरच्या काही सेकंदांत एकामागून एक लाइन सुटत गेल्या आणि उत्तर भारताचे संपूर्ण ग्रिड कोसळले. दिल्लीपासून जम्मूपर्यंत आणि राजस्थानपासून उत्तर प्रदेशापर्यंत सुमारे 36,000 मेगावॅट लोड अंधारात गेला. दुपारपर्यंत बहुतेक ठिकाणी वीज परत आली. दुसऱ्या दिवशी, 31 जुलैला दुपारी एक वाजता, तीच लाइन पुन्हा सुटली. या वेळी उत्तरेबरोबर पूर्वेचे आणि ईशान्येचे ग्रिडही गेले. सुमारे 48,000 मेगावॅट लोड तुटला. ज्या प्रदेशातली वीज गेली तिथे 60 कोटींहून अधिक माणसे राहत होती. दिल्लीची मेट्रो थांबली, शेकडो रेल्वेगाड्या वाटेत उभ्या राहिल्या, पश्चिम बंगालमध्ये कोळसा खाणीत उतरलेले कामगार लिफ्ट बंद पडल्याने खाली अडकले. बाधित लोकसंख्येचा विचार केला तर एवढा मोठा वीजभंग जगात त्यापूर्वी झाला नव्हता.

कारण सांगणारे लोक मात्र पहिल्याच दिवशी तयार होते. पाऊस लांबला होता, भातशेतीचे पंप रात्रंदिवस चालत होते, उत्तरेतली काही राज्ये ठरलेल्या वाट्यापेक्षा जास्त वीज ओढत होती. दूरचित्रवाणीवर राज्याराज्यांची नावे घेऊन दोष वाटला गेला. हे स्पष्टीकरण ऐकायला सरळ वाटते: मागणी पुरवठ्याच्या पुढे गेली, ग्रिड पडले. पण हे तपासता येते, कारण मागणी आणि पुरवठ्याची तफावत ग्रिडच्या वारंवारतेत लगेच उमटते. आपल्याकडे ती 50 हर्ट्झ असायला हवी. मागणी वरचढ झाली की जनित्रे किंचित मंदावतात आणि आकडा खाली येतो. नव्वदच्या दशकात आपल्या देशातल्या काही विभागीय ग्रिडांनी 49 च्याही खाली तासन्‌तास काढले आहेत. 30 जुलैच्या रात्री, बिघाडाच्या क्षणापूर्वी, वारंवारता 49.68 होती. 31 ला दुपारी ती 49.84 होती. तुटवड्याने ग्रिड बुडाले असे म्हणावे असा हा आकडा नाही. म्हणजे शोध दुसरीकडे घ्यायला हवा होता.

तो कुठे घ्यायचा हे कळण्यासाठी आधी साधे, रोजचे फॉल्ट कसे ओळखतात ते पाहू.

लाइनवर फॉल्ट झाला म्हणजे प्रवाहाला नको ती वाट सापडली. ती कधी एका फेजमधून जमिनीकडे जाते, कधी एका फेजमधून दुसऱ्या फेजमध्ये. अशा वेळी करंट कित्येक पटींनी वाढतो आणि त्या फेजचे व्होल्टेज कोसळते. 400 केव्हीच्या लाइनवर हे सारे 100 मिलिसेकंदांच्या आत संपवायचे असते. 50 हर्ट्झच्या हिशेबाने एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचे, म्हणजे पाच आवर्तनांत रिलेने, म्हणजे लाइनवर पहारा ठेवणाऱ्या उपकरणाने, फॉल्ट ओळखून ब्रेकर, म्हणजे लाइन तोडणारा स्विच, उघडलेला असला पाहिजे. बहुतेक फॉल्ट एकाच फेजचे आणि जमिनीशी होणारे असतात, आणि त्यांतले बरेच तात्पुरते असतात. हवेतून ठिणगीची वाट तयार होते, वीज तोडली की ती विझते, साधारण सेकंदाभराने ब्रेकर आपोआप पुन्हा मिटतो आणि लाइन जणू काही घडलेच नाही अशी चालू होते. कारण शोधणाऱ्याच्या हाती उरतो तो करंट-व्होल्टेजचा दशांश सेकंदाचा तरंगालेख, घटनेची वेळ आणि हवामान.

एवढ्या तुटपुंज्या साहित्यावरून अनुभवी माणूस बरेच सांगू शकतो. वीज कोसळून झालेला फॉल्ट एकदम उसळतो, बहुतेक वेळा ब्रेकर परत मिटल्यावर टिकत नाही, आणि वीज कोसळल्याची नोंद करणाऱ्या केंद्रांच्या वेळेशी तो जुळवून पाहता येतो. झाडाची फांदी लागली असेल तर बहुधा कडक दुपार असते. लोड वाढून तार तापलेली, लांबलेली, झोळ पडून खाली आलेली असते. लाकडातून आणि ठिणगीतून जाणाऱ्या प्रवाहाला अडथळा बराच असल्याने करंटची उसळीही तुलनेने कमी राहते. उत्तरेच्या मैदानात डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या धुक्यात एकाच रात्री अनेक लाइन सुटू लागल्या की इन्सुलेटरवर साचलेल्या धुळीकडे आणि विटभट्ट्यांच्या धुराच्या थराकडे पाहायचे. कोरडा असताना हा थर निरुपद्रवी असतो. दंवाने भिजला की त्यातून प्रवाह सरपटू लागतो. त्यावर उपाय म्हणून इन्सुलेटर धुतले गेले, आणि पुढे चिनी मातीच्या जागी पॉलिमरचे बसवले गेले. आपल्या कोकणपट्टीत हेच काम खाऱ्या वाऱ्यातले मीठ करते. उन्हाळाभर तापलेल्या पिन इन्सुलेटरवर मृगाची पहिली सर पडली की त्याला बारीक चीर जाते आणि गावचा फीडर पहिल्याच पावसात बसतो, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक वायरमनला पाठ असते.

काही कारणे मात्र मागे काहीच ठेवत नाहीत. अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया एडिसन कंपनीने बिग क्रीकच्या जलविद्युत केंद्रांपासून लॉस एंजेलिसकडे येणारी लाइन 1923 मध्ये 220 केव्हीवर चालवायला घेतली. तेव्हाच्या जगात हे व्होल्टेज नवे होते. लवकरच त्या लाइनवर कोडे उभे राहिले. आकाश निरभ्र, धुके नाही, वादळ नाही, तरी लाइन ट्रिप होई, आणि माणसे मनोऱ्यापाशी पोहोचेपर्यंत तिथे इन्सुलेटरवरच्या भाजल्याच्या खुणेपलीकडे काही उरलेले नसे. मिचेनर नावाच्या अभियंत्याने याचा पिच्छा पुरवला. शेवटी बोट गेले मनोऱ्यांवर बसणाऱ्या मोठ्या पक्ष्यांकडे. गरुडासारखा पक्षी वरच्या आडव्या भुजेवर बसून उडण्यापूर्वी विष्ठा टाकतो तेव्हा तिची लांब, ओली, अखंड धार काही क्षण हवेत लोंबते. मनोरा आणि तार यांच्यातले अंतर तेवढ्याने कमी होते आणि ठिणगी उडते. पक्षी बहुधा सहीसलामत उडून जातो. मिचेनरने 1928 मध्ये या विषयावर लेख लिहिला तो ‘द कॉन्डॉर’ या पक्षिशास्त्राच्या नियतकालिकात. मला हे फार महत्त्वाचे वाटते. विद्युत अभियांत्रिकीतल्या प्रश्नाचे उत्तर तिच्या बाहेर होते आणि तिथवर जाण्याची तयारी एका अभियंत्याने दाखवली.

फॉल्ट कुठे झाला हे सांगण्याचे तंत्र तुलनेने लवकर पक्के झाले. लाइनच्या दर किलोमीटरला ठरावीक विरोध असतो. 400 केव्हीच्या साध्या लाइनसाठी तो सुमारे एक तृतीयांश ओहम धरता येतो. फॉल्टच्या क्षणी व्होल्टेजला करंटने भागून 20 ओहम आले, तर जागा साधारण 60 किलोमीटरवर आहे. जमिनीच्या आणि ठिणगीच्या विरोधामुळे यात काही किलोमीटरची चूक होऊ शकते. त्याहून नेमकी रीत लाटांची आहे. फॉल्ट झाला की त्या जागेपासून दोन्ही दिशांना विद्युत लाट निघते आणि जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने, मायक्रोसेकंदाला सुमारे 300 मीटर, धावते. दोन्ही टोकांना ती कधी पोहोचली याच्या वेळांमधला फरक मोजला की जागा मिळते. त्या वेळेत एका मायक्रोसेकंदाची चूक झाली तर जागेत फक्त दीडशे मीटरची होते. 400 केव्हीचे दोन मनोरे एकमेकांपासून साधारण 400 मीटरवर असतात, म्हणजे गस्तीच्या माणसाला नेमका कोणता मनोरा चढायचा हे सांगता येते.

11 केव्हीच्या ग्रामीण फीडरवर असले काही नसते. तिथे लाइनमन मधला एबी स्विच उघडून अर्धी लाइन तोडतो, उपकेंद्राला फोन करून उरलेली चार्ज करायला सांगतो, ती टिकली तर बिघाड पुढे, सुटली तर मागे. मग उरलेल्या भागाचे पुन्हा दोन तुकडे. पावसात, अंधारात, चिखलातून हे चालते. कुठला जंपर मागच्या वर्षी सैल होता, कुठल्या वळणावर बाभळी तारेपर्यंत आल्या आहेत हे त्याला ठाऊक असते, म्हणून बरेचदा तो तुकडे करत बसण्याआधीच योग्य खांबापाशी पोहोचतो. हे ज्ञान कोणत्याही नोंदवहीत नसते आणि त्या माणसाची बदली झाली की ते त्याच्याबरोबर जाते.

आता बीना-ग्वाल्हेरकडे येऊ. या लाइनवर वरीलपैकी काय झाले होते? वीज कोसळली नव्हती, फांदी लागली नव्हती, इन्सुलेटर फुटला नव्हता. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे अध्यक्ष ए. एस. बक्षी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चौकशी समितीने लाइनच्या टोकांवरचे तरंगालेख तपासले तेव्हा तिन्ही फेजचे करंट सारखे होते. कुठे उसळी नव्हती, जमिनीकडे प्रवाह गेल्याची खूण नव्हती. ग्रिडच्या इतर ठिकाणी बसवलेल्या मापकांवर त्या क्षणी कुठल्याही फेजचे व्होल्टेज दचकलेले दिसत नव्हते. लाइन सुटली होती, पण लाइनवर फॉल्ट झालेलाच नव्हता. दोन्ही दिवशी.

मग रिलेने ब्रेकर का उघडला? याचे उत्तर डिस्टन्स रिलेच्या घडणीत आहे. हा रिले व्होल्टेजला करंटने भागतो आणि येणाऱ्या आकड्याला अंतर समजतो. आकडा लहान म्हणजे फॉल्ट जवळ. त्याला तीन टप्पे नेमून दिलेले असतात. पहिला टप्पा लाइनच्या सुमारे 80 टक्के भागाचा, तिथे तो क्षणाचाही विलंब लावत नाही. दुसरा टप्पा लाइनच्या टोकापलीकडे थोडा जातो आणि काही दशांश सेकंद थांबतो. तिसरा टप्पा पुढच्या लाइनवरही नजर ठेवतो, तिथला रिले किंवा ब्रेकर निकामी ठरला तर मागून मदत म्हणून, आणि साधारण सेकंदभर वाट पाहतो. अडचण या तिसऱ्या टप्प्यात आहे. तो लांबवर पोहोचावा म्हणून त्याची मर्यादा मोठ्या आकड्यावर ठेवलेली असते.

एक हिशेब मांडतो. 400 केव्हीच्या लाइनवरून 500 मेगावॅट वाहत असतील तर करंट सुमारे 720 अँपिअर असतो आणि रिलेला दिसणारा विरोध 320 ओहमच्या आसपास येतो. तीच लाइन 1,400 मेगावॅट वाहू लागली आणि ओझ्याने व्होल्टेज 380 केव्हीवर उतरले, तर करंट 2,100 अँपिअरच्या पुढे जातो आणि विरोध शंभरावर येतो. रिलेला वीज, पक्षी, फांदी यातले काही दिसत नाही. त्याच्यासमोर एक भागाकार असतो. लोड वाढता वाढता तो भागाकार तिसऱ्या टप्प्याच्या मर्यादेत शिरला की रिलेच्या दृष्टीने दूरवर कुठेतरी फॉल्ट झाला आहे आणि कोणीच तो तोडत नाही. सेकंदभर थांबून तो आपले काम करतो. बीना-ग्वाल्हेर लाइनवर दोन्ही दिवशी हजार मेगावॅटहून अधिक वीज वाहत होती. समितीचा निष्कर्ष हाच होता: लोडच तिसऱ्या टप्प्यात घुसला.

इथवर आल्यावर प्रश्न संपत नाही, वाढतो. त्या लाइनवर एवढा लोड का आला? कारण त्याच मार्गावरचे दुसरे सर्किट 765 केव्हीवर नेण्याच्या कामासाठी बंद ठेवले होते आणि पश्चिम व उत्तर ग्रिडांना जोडणाऱ्या आणखीही कित्येक लाइन त्या दिवसांत सेवेत नव्हत्या. पश्चिमेकडे मागणी कमी आणि वीज मुबलक होती, उत्तरेकडे तुटवडा होता, त्यामुळे सगळा ओघ उरलेल्या थोड्या वाटांवर आला. राज्यांनी जास्तीची ओढ कमी करावी असे निरोप विभागीय भारप्रेषण केंद्राकडून जात होते. राज्यांच्या केंद्रांनी त्यावर पुरेसे केले नाही. आणि ही लाइन सुटल्यावर उत्तर ग्रिड वेगळे पडले तेव्हा वारंवारता घसरताच आपोआप काही भागांची वीज तोडून बाकीचे वाचवणारे रिले हवे तेवढे काम देऊ शकले नाहीत.

म्हणजे कारण कोणते? जास्त वीज ओढणारी राज्ये, बंद ठेवलेले सर्किट, रिलेची मर्यादा, न चाललेले वारंवारतेचे रिले. यातले एक नसते तरी कदाचित रात्र निभावली असती. मला वाटते, चौकशीत कारण म्हणून त्याच गोष्टीवर बोट ठेवावे जी उद्या सकाळी कोणाला तरी बदलता येते. पंजाबात पाऊस पाडता येत नाही. रिलेची मर्यादा बदलता येते, लोड आणि फॉल्ट यांतला फरक ओळखणारी तरतूद आधुनिक रिलेत चालू करता येते, सर्किट बंद असताना त्या मार्गावर किती वीज पाठवायची याचा आकडा कमी करता येतो. 31 जुलै याचा पुरावा आहे. पहिल्या वीजभंगानंतर साडेचौतीस तासांत ग्रिड पुन्हा उभे राहिले, तो मार्ग पुन्हा तसाच भरला, रिलेची मर्यादा तीच होती, आणि ती लाइन पुन्हा त्याच टप्प्यात सुटली. दुसऱ्या दिवशीचे नुकसान मोठे होण्याचे कारणही तांत्रिक आहे. ग्रिडचे दोन भाग एकमेकांविरुद्ध झोके घेऊ लागतात तेव्हा त्यांच्यामध्ये एक जागा अशी येते जिथे व्होल्टेज नाहीसे होऊ लागते, आणि तुटणे तिथे होते. 30 तारखेला ही जागा उत्तर आणि पूर्व ग्रिडांच्या सीमेवर होती, म्हणून एकटे उत्तर ग्रिड तुटले. 31 ला ती पूर्व ग्रिडच्या आत, पश्चिमेच्या सीमेजवळ सरकली होती. उत्तरेला जोडलेली पूर्व आणि पूर्वेला जोडलेली ईशान्य, दोन्ही तिच्याबरोबर गेली. पश्चिम ग्रिड, आणि त्यात महाराष्ट्र, दोन्ही वेळा वाचले.

हे पहिल्यांदा घडत होते असेही नाही. 9 नोव्हेंबर 1965 ला संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास कॅनडातल्या नायगारा नदीवरच्या सर अॅडम बेक केंद्रातून टोरांटोकडे जाणाऱ्या पाचपैकी एक लाइन सुटली. तिच्या रिलेची मर्यादा त्या संध्याकाळच्या लोडपेक्षा कमी ठेवलेली होती. तिचा भार उरलेल्या चारांवर आला, त्याही सुटल्या आणि न्यूयॉर्कसह तीन कोटी लोकांची वीज गेली. मूळ तो एक रिले होता हे शोधायला तपास करणाऱ्यांना कित्येक दिवस लागले. 14 ऑगस्ट 2003 ला ओहायो राज्यात तीन 345 केव्ही लाइन एकामागून एक झाडांना टेकून सुटल्या. त्यांतली पहिली तर तिच्या क्षमतेच्या निम्म्याहून कमी लोडवर होती. झाडे वेळेवर छाटलेली नव्हती. त्याच वेळी त्या कंपनीच्या नियंत्रण कक्षातली धोक्याची सूचना देणारी संगणक यंत्रणा सॉफ्टवेअरमधल्या दोषाने तासभर आधीच गोठली होती. कक्षातल्या लोकांसमोरचे पडदे शांत होते. मग चार वाजून सहा मिनिटांच्या सुमारास सॅमिस-स्टार ही लाइन सुटली, आणि ती फॉल्ट नसताना, तिसऱ्या टप्प्यात, निव्वळ लोडने. त्यानंतर सारे आवाक्याबाहेर गेले. पाच कोटी लोक अंधारात गेले. म्हणजे बीना-ग्वाल्हेरच्या आठ वर्षे आधी हा धडा अमेरिका आणि कॅनडाच्या संयुक्त अहवालात सविस्तर छापलेला होता.

2003 च्या तपासात आणखी एक गोष्ट पुढे आली. शेकडो उपकेंद्रांतल्या नोंदी गोळा झाल्या, पण त्यांची घड्याळे एकमेकांशी जुळत नव्हती. सेकंदांच्या आत घडून गेलेल्या साखळीत कोणती लाइन आधी आणि कोणती नंतर सुटली हेच जर ठरत नसेल, तर कारण आणि परिणाम यांची अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही. तपासकांना नोंदींचा क्रम लावण्यातच पुष्कळ श्रम खर्चावे लागले. 2012 च्या भारतीय समितीलाही वेळा न जुळण्याची अडचण आली.

या अडचणीवरचा उपाय ज्यांनी दिला त्यांत एक मराठी माणूस आहे. अरुण फडके यांचा जन्म ग्वाल्हेरचा. आग्रा विद्यापीठ आणि आयआयटी खरगपूर इथे शिकून ते अमेरिकेत गेले. संगणकाच्या साहाय्याने चालणाऱ्या रिलेवर काम करताना त्यांच्या लक्षात आले की लाइनच्या संरक्षणासाठी जे माप काढायचे, तेच माप सगळ्या उपकेंद्रांत एकाच क्षणी काढता आले तर संपूर्ण ग्रिडची स्थिती समोर दिसेल. उपग्रहांवरून मिळणाऱ्या अचूक वेळेने ते शक्य झाले. 1988 मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात फडके आणि जेम्स थॉर्प यांच्या गटाने फेजर मापन यंत्राचा पहिला नमुना तयार केला. जुन्या पद्धतीत नियंत्रण कक्षाला काही सेकंदांच्या अंतराने एकेक आकडा मिळे. हे यंत्र आपल्याकडे सेकंदाला 25 वेळा माप पाठवते आणि प्रत्येक मापावर मायक्रोसेकंदाच्या अचूकतेने वेळेचा शिक्का असतो. उत्तर ग्रिडात अशी मोजकी यंत्रे 2010 पासून प्रायोगिक तत्त्वावर बसवलेली होती. 2012 च्या समितीला ‘फॉल्ट झालेला नाही’ असे खात्रीने म्हणता आले ते त्यांच्या नोंदींमुळेही. ग्वाल्हेरला सुटलेल्या लाइनचा उलगडा करायला ग्वाल्हेरमध्ये जन्मलेल्या माणसाचे यंत्र उपयोगी पडले, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. पुढे हीच यंत्रे देशभर बसवण्याचा कार्यक्रम आखला गेला. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर ही 765 केव्हीची लाइन जोडून दक्षिणेचे ग्रिडही उरलेल्या देशाशी एका तालात आणले गेले, तेव्हा अशा मापनाची गरज आणखी वाढली होती.

यंत्रे असूनही कारणाबद्दल वाद होतातच, आणि त्याचे उदाहरण घरचे आहे. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. बाहेरचे ग्रिड डळमळले तर मुंबईला वेगळे काढून शहरातल्या केंद्रांवर चालू ठेवणारी योजना 1981 पासून आहे आणि तिने शहराला अनेकदा वाचवले आहे. त्या दिवशी तिने साथ दिली नाही. राज्याच्या ऊर्जामंत्र्यांनी त्याच दिवशी सांगितले की कळवा-पडघे मार्गावर एका सर्किटची देखभाल चालू असताना लोड दुसऱ्यावर होता आणि त्या दुसऱ्यात तांत्रिक बिघाड झाल्याचा अंदाज आहे. पुढे घातपाताची शंका व्यक्त झाली. 2021 च्या फेब्रुवारीअखेर भारतीय वीजयंत्रणेत चिनी हॅकर घुसल्याचा एका अमेरिकी कंपनीचा अहवाल आला आणि त्याला मुंबईच्या अंधाराशी जोडले गेले. राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर विभागाच्या अहवालाचा दाखला देऊन ती शक्यता मांडली. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी कारण मानवी चूक असल्याचे आणि सायबर हल्ल्याचा पुरावा नसल्याचे सांगितले.

इथे दोन विधाने वेगळी ठेवायला हवीत. संगणकजाळ्यात कोणी शिरले होते, हे एक. त्या शिरकावाने अमुक क्षणी अमुक ब्रेकर उघडला, हे दुसरे. पहिले खरे असले तरी दुसरे आपोआप सिद्ध होत नाही. त्यासाठी ब्रेकरला मिळालेली आज्ञा कुठून आली, रिलेने कोणते माप पाहिले, तरंगालेखात करंट आणि व्होल्टेज काय सांगतात हे दाखवावे लागते. एक सर्किट देखभालीत, सारा भार दुसऱ्यावर, आणि शहराला वेगळे काढणारी योजना कोलमडलेली: ही मांडणी बीना-ग्वाल्हेरची आठवण देते आणि तिच्यात हॅकरची गरज पडत नाही. गरज पडत नाही म्हणून तो नव्हताच, असेही म्हणता येणार नाही. पण आधी नोंदी वाचाव्या लागतात.

येत्या काळात या नोंदी वाचणे अवघड होणार आहे. आजवरचे सारे शहाणपण एका गृहीतावर उभे आहे: फॉल्ट झाला की करंट कित्येक पटींनी उसळतो. ही उसळी अवजड फिरत्या जनित्रांमुळे मिळते. सौर प्रकल्पात जनित्र नसते, इन्व्हर्टर असतो, आणि तो स्वतःला वाचवण्यासाठी आपल्या क्षमतेहून फार तर किंचित जास्त करंट देतो. त्यातले फेजचे संतुलन निसर्गाने ठरत नाही, उत्पादकाने लिहिलेल्या सॉफ्टवेअरने ठरते. त्यामुळे सौर प्रकल्पांजवळच्या लाइनवर फॉल्ट खराखुरा असूनही रिलेला तो फॉल्टसारखा न दिसण्याची शक्यता असते.

आणि उलट प्रकारही घडला आहे. 16 ऑगस्ट 2016 ला कॅलिफोर्नियात ब्लू कट नावाचा वणवा लाइनखाली पसरला. धुराने आणि ज्वाळांनी लाइनवर फॉल्ट झाले, ते नेहमीप्रमाणे क्षणात तोडलेही गेले. पण त्यांतल्या एका फॉल्टबरोबर दूरवर पसरलेल्या सौर प्रकल्पांमधले जवळजवळ 1,200 मेगावॅट नाहीसे झाले. तपासात आढळले की फॉल्टच्या क्षणी व्होल्टेजची लाट जराशी वेडीवाकडी झाली होती आणि बऱ्याच इन्व्हर्टरांनी त्या वाकडेपणाला वारंवारता समजून ती 57 हर्ट्झच्या खाली गेल्याचा निष्कर्ष काढला. अमेरिकेत ती 60 असते, आणि 57 म्हणजे तत्काळ बंद होण्याची मर्यादा. प्रत्यक्षात ग्रिडची वारंवारता त्या घटनेत 59.86 च्या खाली उतरली नव्हती. दुरुस्ती सोपी निघाली. वारंवारता घसरल्यासारखी दिसली तरी इन्व्हर्टरने लगेच बंद न होता काही सेकंद थांबून पुन्हा मोजावे, असे उत्पादकांना सांगण्यात आले आणि बसवलेल्या यंत्रांचे सॉफ्टवेअर बदलण्याचे काम सुरू झाले. राजस्थान आणि गुजरातच्या वाळवंटात आज याहून कितीतरी मोठे सौर प्रकल्प ग्रिडला जोडले जात आहेत. त्यातल्या प्रत्येक उत्पादकाचा इन्व्हर्टर फॉल्टच्या त्या 100 मिलिसेकंदांत काय मोजतो आणि काय ठरवतो, हे जोडणीपूर्वी तपासून घेण्याचे काम आता भारप्रेषण केंद्रांतल्या अभियंत्यांकडे आले आहे.